चित्रणाची कीर्द आणि खतावणी

कावेरी आणि अरसलार ह्या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम् बहुतेक मराठी माणसांना तीर्थक्षेत्र म्हणून ठाऊक असते. राजा सर टी. माधवराव ह्यांचे जन्मगाव म्हणून ते ठाऊक असणारे त्या मानाने थोडे. १८२८ साली ह्या गावात जन्मलेला हा तंजावरी मराठी पुरुष पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचा दिवाण झाला. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरास मराठी राज्य स्थापन केले. १८५५ साली औरस पुत्राच्या अभावी ते इंग्रजांनी खालसा केले. मधल्या पावणेदोनशे वर्षांत कारकून, कीर्तनकार, मुत्सद्दी आणि वैदिक अशी नाना प्रकारची मराठी कुटुंबे कावेरीच्या काठी स्थिरावली. राज्य गेले, माणसे राहिली. त्यांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात. शाळेत मात्र त्यांना तमिळ आणि इंग्रजी शिकावे लागते, त्यामुळे देवनागरी सराईतपणे वाचणारे त्यांच्यात विरळा. ही मराठी मुख्यतः मुखावाटेच चालत आलेली आहे, आणि मुखावाटे चालणारी भाषा बोलणाऱ्याबरोबरच निघून जाते.

म्हणूनच कुंभकोणम् येथील माझ्या एका स्नेह्यांच्या घरी गेली दहा-बारा वर्षे जो उद्योग चालला आहे, तो मला मोलाचा वाटतो. त्या घरच्या आजी आता नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांचे बोलणे, रसवांगी आणि डांगर पचडी करण्याची त्यांची रीत, लग्नकार्यात त्या व त्यांच्या जावा म्हणत असलेली गाणी, माहेरच्या वाड्याच्या आठवणी, हे सारे मुलानातवंडांनी जमेल तसे, जमेल त्या यंत्राने टिपून ठेवले आहे. २०१६ सालच्या महामहम् पर्वणीला सारे कुटुंब एकत्र जमले, तेव्हाचे चित्रण आहे. जवळच गोविंदपुरम् येथे २०११ साली उभ्या राहिलेल्या विठ्ठल-रुक्मिणीच्या मंदिरातील अभंगगायनाचे आहे. चार मोबाइल, एक कॅमेरा आणि एक छोटा ध्वनिमुद्रक अशा सहा यंत्रांतून आलेला हा ऐवज कित्येक तासांचा भरतो.

घरातील एक नात चित्रपट-संकलनाचे शिक्षण घेऊन आली. साऱ्या गोतावळ्याला दाखविता येईल असा अर्ध्या तासाचा चित्रपट आजींवर करावा, असे तिने मनात घेतले. संगणकावर संकलनाची प्रणाली उघडून तिने हा सारा ऐवज एकदम आत ओतला आणि पडद्यावर जी यादी उमटली ती पाहून ती थबकली. कॅमेऱ्याने आपल्या पद्धतीने ‘सी०००१’, ‘सी०००२’ अशी नावे दिली होती. कार्ड बदलून कोरे केले की तो पुन्हा एकपासून मोजू लागे, त्यामुळे ‘सी०००१’ नावाच्या सात निरनिराळ्या फाइली निघाल्या. मोबाइलने तारखेची नावे दिली होती, ती त्यातल्या त्यात बरी. परंतु नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवरून पाठविलेल्या चित्रणाची मूळ नावे वाटेतच गळून पडली होती. त्यांवर जी तारीख होती ती चित्रणाची नव्हती, मिळाल्याची होती. त्यामुळे २२ फेब्रुवारी २०१६ रोजी महामहम् तलावावर घेतलेले दृश्य कुणा भाच्याने पाच वर्षांनी पाठविल्यामुळे २०२१ च्या नावावर जमा झाले होते. आजींनी लग्नातले एक विशिष्ट गाणे म्हटल्याचे घरातील सर्वांना आठवत होते. ते ह्या शेकडो फाइलींपैकी कोणत्या फाइलीत आहे, हे कुणालाही सांगता येईना.

हरवणे दोन प्रकारचे असते. एक, वस्तू नष्ट होणे. दुसरे, वस्तू असून न सापडणे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यास जुन्या नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि आपल्या चित्रपट-इतिहासातील कितीतरी ठेवा जळून गेला. त्याची हळहळ आपल्याला आजही वाटते. दुसऱ्या प्रकारच्या हरवण्याला धूर नसतो. ते कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि घरोघरी आज हेच दुसरे हरवणे चालू आहे.

संकलनाच्या प्रणालीत चित्रणाचे तुकडे ज्या कप्प्यांत ठेवतात त्यांना ‘बिन’ म्हणतात. हा शब्द कोठून आला हे पाहिले म्हणजे ह्या विषयातील अर्धा घोटाळा आपोआप उलगडतो. चित्रपट खऱ्याखुऱ्या फितीवर घेतला जात असे, त्या काळी संकलकाच्या खोलीत कापडी अस्तर लावलेली एक मोठी पेटी असे. पेटीच्या वर एक आडवी चौकट, चौकटीला ओळीने बारीक खिळे. फितीचा कापलेला तुकडा आपल्या कडेच्या छिद्राने खिळ्याला अडकवायचा. त्याचे लांब शेपूट खाली पेटीत मऊ कापडावर लोंबत राही, म्हणजे त्याला ओरखडा पडत नसे. प्रत्येक खिळ्याजवळ चिठ्ठी. फितीच्या कडेलाच कारखान्यात छापलेले क्रमांक असत, त्यावरून कोणता तुकडा कोणत्या रिळातला हे साहाय्यकाला सांगता येई. ती पेटी म्हणजे बिन.

१९८९ साली ॲव्हिड कंपनीने संगणकावर संकलन करण्याची आपली प्रणाली बाजारात आणली, आणि फितीच्या खोलीतले शब्द पडद्यावर आले. १९९६ सालच्या ‘द इंग्लिश पेशंट’ ह्या चित्रपटाच्या संकलनाबद्दल वॉल्टर मर्च ह्यांना ऑस्कर मिळाले, ते संगणकावर केलेल्या संकलनाला मिळालेले पहिले. शब्द तेच राहिले. वस्तू मात्र आतून पार बदलली. जुन्या पेटीत प्रत्यक्ष फीत असे. आजच्या बिनमध्ये चित्रण नसते. तेथे असते ती केवळ एक नोंद: अमुक नावाची फाइल हार्डडिस्कवर अमुक ठिकाणी आहे, इतकीच. चित्रण आपल्या जागी स्वस्थ असते. बहुतेक प्रणालींत बिनमधील तुकडा पुसला तरी मूळ फाइल सुरक्षित राहते. काही प्रणाली मात्र मूळ चित्रणही पुसायचे काय, असे विचारतात, आणि तेथे घाईने ‘होय’ म्हणणाऱ्याचे देवच रक्षण करो. उलट, हार्डडिस्कवरील फाइलीचे नाव बदलले किंवा ती दुसऱ्या फोल्डरात हलविली, की बिनमधील नोंद निराधार होते आणि चित्राच्या जागी ‘मीडिया ऑफलाइन’ अशी पाटी झळकते. ही पाटी पाहून चित्रण नष्ट झाले असे समजून हाय खाणारे लोक मी पाहिले आहेत. चित्रण नष्ट झालेले नसते. पत्ता चुकलेला असतो. प्रणालीला नवा पत्ता दाखविला की चित्र परत येते, मात्र त्यासाठी नवा पत्ता आपल्याला ठाऊक हवा.

ज्यांनी दुकानाची किंवा कचेरीची हिशेबवही पाहिली आहे त्यांना ह्या व्यवस्थेत नवीन असे काही वाटू नये. आपल्याकडे हिशेबाच्या दोन वह्या असत. एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. कीर्दीत व्यवहार जसा घडला तसा, त्याच दिवशी, त्याच क्रमाने लिहायचा. तेथे खाडाखोड नाही, आवडनिवड नाही, क्रम बदलणे नाही. मग त्या कीर्दीवरून खतावणी मांडायची: प्रत्येक कुळाचे, प्रत्येक मालाचे खाते वेगळे. खतावणी पुन्हा मांडता येते, नवी खाती पाडता येतात, जुनी मिटविता येतात. कीर्द शाबूत आहे तोवर धास्ती नाही. हार्डडिस्कवरील फोल्डर ही चित्रणाची कीर्द होय आणि बिन ही खतावणी होय. पहिली येण्याच्या क्रमाने, दुसरी वापराच्या सोयीने. ह्या दोहोंची सरमिसळ झाली की गोंधळ सुरू होतो. आणि मी पाहिलेल्या बहुतेक घरगुती व काही सरकारी गोंधळांचे मूळ ह्या सरमिसळीतच होते.

ती सरमिसळ होते कशी? माणूस हौसेने हार्डडिस्कवरच ‘आजी’, ‘स्वयंपाक’, ‘देऊळ’ असे फोल्डर करतो आणि फाइली त्यांत वाटून टाकतो. पुढे एका फाइलीत आजीही असते, स्वयंपाकही असतो. मग तो तिची दुसरी प्रत करतो. दोन प्रतींपैकी एक बारीक कापून घेतो. वर्षभराने मूळ कोणती आणि कापलेली कोणती हे त्यालाही सांगता येत नाही. आणि ही फाइल कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रातून, कोणत्या फाइलीच्या पाठोपाठ आली, हा जो तिचा जन्मदाखला, तो तर पहिल्याच दिवशी फाटलेला असतो.

कीर्दीचे नियम थोडे आहेत, पण ते मोडण्यासाठी नाहीत. कॅमेऱ्याचे कार्ड जसेच्या तसे, त्यातील सर्व फोल्डरांसह उतरवून घ्यावे. आतली चित्राची फाइल तेवढी वेचून बाकीचे निरुपयोगी म्हणून टाकू नये. पुष्कळ कॅमेरे एकच लांब चित्रण अनेक फाइलींत तोडून ठेवतात आणि त्यांची जुळणी सांगणारी छोटी फाइल शेजारी ठेवतात. ती गेली की जुळणी आपल्या डोक्यावर येते. प्रत्येक कार्डासाठी स्वतंत्र फोल्डर असावा आणि त्याच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, नंतर स्थळ व यंत्र असावे. आपण बोलताना दिवस आधी म्हणतो हे खरे. परंतु संगणक नावे डावीकडून उजवीकडे तुलना करून लावतो, त्यामुळे ‘२०१६-०२-२२’ असे लिहिले तरच तारखा कालक्रमाने लागतात. एकदा हा फोल्डर तयार झाला की त्यात कुणी लिहायचे नाही. उतरविताना प्रत मूळ बरहुकूम आली की नाही हे तपासण्यासाठी फाइलीतील सर्व मजकुरावरून एक छोटा आकडा काढणाऱ्या सोयी मिळतात. फाइलीतील एक कण जरी बदलला तरी तो आकडा बदलतो. कागदपत्राच्या नकलेवर ‘खरी नक्कल’ असा शेरा असतो, तसाच हा शेरा समजावा. आणि कार्ड कोरे करण्यापूर्वी प्रती तीन असाव्यात, त्यांतली एक घराबाहेर. कुंभकोणम्‌च्या घरची एक प्रत आता चेन्नईस थोरल्या मुलाकडे असते.

ह्या सर्वांबरोबर एक आवक नोंदवही हवी. कचेरीत टपाल आले की आधी आवक क्रमांक पडतो, मगच कागद टेबलावर जातो. साहेब कितीही घाईत असोत, हा क्रम चुकत नाही. चित्रणालाही असा क्रमांक द्यावा: कोणी घेतले, कोठे, कशाने, कुणाकडून मिळाले आणि केव्हा मिळाले. व्हॉट्सॲपवरून आलेल्या त्या तलावाच्या दृश्याची खरी तारीख नोंदवहीतच राहू शकते, कारण फाइल स्वतः ती सांगत नाही. ह्या दृश्याबाबत आणखी एक करावे, शक्य असेल तर भाच्याकडून मूळ फाइल मागवावी. वाटेत ती आकसलेली असते आणि मोठ्या पडद्यावर तिचा विरळपणा डोळ्यांत खुपतो.

आता खतावणीकडे वळू. येथे मात्र नियमांपेक्षा जाणतेपणा अधिक लागतो. कथाचित्रपटाचे बिन प्रसंगवार पाडतात, कारण पटकथा आधीच लिहिलेली असते आणि प्रसंगाला क्रमांक असतो. ज्या चित्रणाला पटकथाच नाही, त्याचे काय करायचे? माणसावरून खाती पाडावीत, स्थळावरून, की विषयावरून? माझे मत असे आहे की हे चित्रण पुढे कोणत्या प्रश्नाने शोधले जाईल, तो प्रश्न आधी लिहून काढावा. आजींच्या चित्रणाबाबत कुणी ‘मे महिन्यातले दाखवा’ असे म्हणणार नाही. ‘गाणी दाखवा’, ‘रसवांगी कशी करीत ते दाखवा’, ‘आजोबांविषयी काय म्हणाल्या ते ऐकवा’ असे म्हणतील. तेव्हा खाती विषयाची असावीत. तारीख कीर्दीत आहेच. ह्याखेरीज ध्वनी, छायाचित्रे, शीर्षके आणि जोडून तयार होत असलेल्या मांडण्या ह्यांसाठी एकेक स्वतंत्र बिन असला म्हणजे पुरे. बिनच्या आत बिन, त्याच्या आत बिन अशी सात पदरांची उतरंड लावू नये. तिसऱ्या पदरानंतर माणूस खाली उतरावयाचे टाळतो आणि हाती आलेले वरच टाकून देतो.

आणि ‘संकीर्ण’ नावाचे खाते उघडण्यापूर्वी दहादा विचार करावा. प्रत्येक कचेरीत सर्वांत जाड फाइल ‘संकीर्ण’चीच असते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. ती उघडण्याची हिंमत पुढे कुणाला होत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. आजी बोलू लागल्या की त्या विषयवार बोलत नाहीत. वांगी चिरता चिरता सासूबाईंची आठवण निघते, तिच्यावरून लग्न, लग्नावरून गाणे, आणि गाणे संपता संपता पुन्हा चिंचेचा कोळ. चाळीस मिनिटांची ही एक फाइल कोणत्या खात्यावर घालायची? जुन्या पेटीत हा पेच सुटत नसे. फितीचा तुकडा एका वेळी एकाच खिळ्याला लटकू शके. संगणकात मात्र मूळ फाइलीला हात न लावता तिच्यातील ‘येथून येथपर्यंत’ एवढ्या भागाला स्वतंत्र नाव देता येते, आणि असे वीस भाग वीस बिनांत ठेवता येतात. फाइलीच्या अंगावर जागोजागी खुणा करून त्यांवर टिपण लिहिता येते. काही प्रणालींत अशी बिन असते की तिच्यात आपण काही ठेवायचे नसते. ‘टिपणात गाणे हा शब्द आहे असे सर्व’ अशी अट घातली की ती आपोआप भरते आणि नवे आले की त्याचीही भर पडते. ह्या सोयीसाठीच मी संगणकाला जुन्या पेटीहून श्रेष्ठ मानतो, वेगासाठी नव्हे. पण अटीची बिन टिपणावर जगते. टिपण नसेल तर ती रिकामी, आणि टिपण चुकीचे असेल तर ती खोटी.

ह्याच ठिकाणी कुंभकोणम्‌ची गोष्ट इतर ठिकाणांहून वेगळी पडते. त्या घरात टिपणे लिहिण्याचे काम आजींच्या धाकट्या सूनबाईंनी अंगावर घेतले. त्यांची मराठी अस्खलित, परंतु लेखन तमिळ लिपीत. तमिळ लिपीत क, ख, ग, घ ह्या चारही वर्णांना एकच अक्षर आहे. वाचणारा संदर्भाने उच्चार ठरवितो. तमिळ भाषेला त्यात काहीही उणे पडत नाही, कारण त्या भाषेचे नियमच तसे आहेत. मराठीची मात्र तेथे पंचाईत होते. सूनबाईंनी दोन मुख्य बिन केल्या, एक गाण्याची आणि एक खाण्याची. तमिळ लिपीत ‘गाणे’ आणि ‘खाणे’ हे दोन्ही शब्द अक्षरशः एकसारखे उतरतात. शोध घेतला की लग्नातल्या गाण्यांबरोबर रसवांगी, डांगर पचडी सारे पंगतीला हजर. स्तोत्रांच्या तमिळ पुस्तकांत क च्या अंगाशी २, ३, ४ असे बारीक आकडे घालून ख, ग, घ दाखविण्याची रीत आहे. पण संगणकाच्या शोधखिडकीत रोज ते आकडे कोण टंकणार? रोमन लिपी घ्यावी तर तेथे दुसरी तऱ्हा. तमिळनाडूत त साठी एक जोड, महाराष्ट्रात दुसरी. दीर्घ आकार कुणी एका अक्षराने लिहितो, कुणी दोन. एकट्या तंजावर ह्या नावाची चार रूपे त्या घराच्या टिपणांत मी स्वतः पाहिली.

ह्यावर जो तोडगा निघाला तो साधा आहे. फाइलींची व फोल्डरांची नावे केवळ रोमन अक्षरे आणि आकडे ह्यांत, कारण कोणत्याही यंत्रावर ती बिनतक्रार चालतात. टिपणे तमिळ लिपीत, लिहिणाऱ्याच्या हाताला सोपी पडतील अशी. आणि शोधासाठी लागणाऱ्या शब्दांची एक ठराविक सूची: प्रत्येक शब्दासमोर त्याचे देवनागरी रूप, तमिळ रूप आणि एकच रोमन रूप. ज्या टिपणात तो विषय आला, तेथे सूचीतील रोमन शब्द जसाच्या तसा उतरवायचा, मनाने नवा बनवायचा नाही. ही सूची साठ-सत्तर शब्दांपलीकडे गेलेली नाही. तिचा देवनागरी रकाना वाचता यावा म्हणून त्या घरातली दोन मुले अक्षरे गिरवू लागली आहेत, हा लाभ कुणाच्या हिशेबात नव्हता.

सूचीचे महत्त्व त्या मुलखाला नवे नाही. कुंभकोणम्‌हून चाळीस किलोमीटरांवर तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय आहे. दुसरे सरफोजीराजे, ज्यांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरात आपल्या भोसले वंशाचा वृत्तांत मराठीत दगडावर कोरवून घेतला, त्यांनी ह्या ग्रंथालयाची अपार वाढ केली. पोथ्या होत्या हे सर्वांना ठाऊक होते. त्यांत काय आहे हे जगाला कळले ते सूची झाली तेव्हा. मद्रास इलाख्याच्या सनदी नोकरीतील न्यायाधीश ए. सी. बर्नेल ह्यांनी तेथील संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची केली, ती १८८० साली छापली गेली. दिवसा न्यायासनावर बसायचे आणि उरल्या वेळात पोथ्यांची पाने मोजायची, अशा माणसाविषयी माझ्यासारख्या सरकारी नोकराला थोडा अधिक जिव्हाळा वाटला तर तो क्षम्य मानावा. १९२८ पासून तेथील वर्णनात्मक सूचीचे खंड निघू लागले. अशा सूचीत ग्रंथाचे नाव असते, तसेच पाने किती, लिपी कोणती, आरंभ कसा, शेवट कसा, पोथी पुरी की तुटकी, हेही असते. चित्रणाच्या टिपणातही ह्याहून निराळे काय हवे? कोण बोलत आहे, मागे कोण उभे आहे, आवाज स्वच्छ आहे की पंख्याची घरघर आहे, वाक्य पुरे झाले की मध्येच तुटले.

त्याच ग्रंथालयात तंजावर दरबारचे मोडी कागदही आहेत. अशा दफ्तरांचे मोल आपल्याला पुण्याच्या पेशवे दफ्तरावरून ठाऊक आहे. रियासतकार गो. स. सरदेसाई ह्यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात त्या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग संपादून प्रसिद्ध केले. ते भाग म्हणजे एका थोर इतिहासकाराची खतावणी आहे. अमुक कागद महत्त्वाचा, तमुक नाही, हा निर्णय त्यांचा. पुढच्या अभ्यासकाचा प्रश्न वेगळा असला की त्याला पुन्हा रुमालांपाशीच जावे लागते. कापडात बांधलेला रुमाल होता म्हणून जाता येते. आजींवरचा अर्ध्या तासाचा चित्रपट ही त्या नातीची निवड असेल. तिला आज कंटाळवाणा वाटलेला एखादा तुकडा, ज्यात आजी नुसत्या भाजीवालीशी घासाघीस करीत आहेत, उद्या भाषेच्या अभ्यासकाला सोन्यासारखा वाटेल. तो चित्रपटात नको, कीर्दीत हवा.

आणखी एक व्यावहारिक बाब. खतावणी प्रणालीच्या पोटात राहते, आणि प्रणाली अमर नसतात. ॲव्हिडमध्ये प्रत्येक बिन ही स्वतंत्र फाइल असते, म्हणून एकाच कामावर दोघे बसले तर एकाने उघडलेल्या बिनमध्ये दुसऱ्याला वाचता येते, लिहिता येत नाही. प्रीमियरमध्ये साऱ्या बिन प्रकल्पाच्या एका फाइलीत सामावतात. दा विंची रिझॉल्व्ह आपला प्रकल्प एका माहितीकोशात ठेवते. एकीची मांडणी दुसरीत धडपणे उतरेलच असे नाही. २०११ साली ॲपलने फायनल कट प्रो ही प्रणाली मुळापासून नवी करून आणली, तेव्हा जुन्या आवृत्तीतील प्रकल्प तिच्यात उघडेनात. वर्षानुवर्षे तिच्यावर काम केलेले व्यावसायिक संकलक हवालदिल झाले. घराघरांत वापरले जाणारे विंडोज मूव्ही मेकर २०१७ साली बंद पडले. तेव्हा टिपणांची एक नक्कल साध्या तक्त्याच्या स्वरूपात, कोणत्याही संगणकावर उघडेल अशी, कीर्दीच्या फोल्डरांशेजारी असावी. ती छापून ठेवली तर त्याहून उत्तम. ह्या सल्ल्याला तरुण मंडळी हसतात. हसोत.

प्रकल्पाच्या नावाबद्दल एकच सांगतो. ‘अंतिम’ हा शब्द त्यात घालू नये. ‘अंतिम’नंतर ‘अंतिम नवे’ येते, त्यानंतर ‘अंतिम खरे’, आणि ह्यांपैकी अखेरचे कोणते हे शेवटी तारखेवरूनच ठरवावे लागते. मग तारीखच का न घालावी?

आता कुणी म्हणेल, हे सारे श्रम कशासाठी? बोललेले ऐकून लिहून काढणारी, चेहरे ओळखणारी यंत्रे आली आहेत. शोधायचे ते यंत्र शोधील. यंत्रांचा मी शत्रू नाही. पुण्या-मुंबईच्या मराठीत कुणी सावकाश बोलले तर ती बरेचसे लिहूनही देतात. परंतु तंजावरी मराठीची ठेवण वेगळी, तिच्यात तमिळ शब्दांची पेरणी वेगळी, आणि असे बोलणे यंत्रांना शिकण्यासाठी मिळालेले फार थोडे. आजींच्या बोलण्याचे यंत्राने केलेले लेखन मी पाहिले. त्यात अर्थ लागेल अशी वाक्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. हा यंत्राचा दोष म्हणण्यापेक्षा आपण त्याला दिलेल्या शिदोरीचा दोष म्हणावा. नीट लावलेले, शब्दनिशी टिपलेले असे चित्रणच उद्या त्याची शिदोरी होईल. चेहऱ्यांचे म्हणाल तर, हे दहा चेहरे एकाच बाईचे आहेत, हे यंत्र सांगेल. ती बाई आजींच्या धाकट्या जाऊबाई, आणि २०१६ नंतर त्या कोणत्याही चित्रणात का दिसत नाहीत, हे घरचे माणूसच सांगू शकेल.

म्हणून कामाचा क्रम लावायचा तर सर्वांत आधी नावे. रंग सुधारणे, आवाज साफ करणे, संगीत घालणे, ही कामे पाच वर्षांनी केली तरी चालतील; त्यांची यंत्रे दिवसेंदिवस सुधारतच आहेत. मागे पदर सावरून उभी असलेली स्त्री कोण, हे सांगणाऱ्यांची संख्या मात्र वाढणारी नाही. त्या घरी आता रोज संध्याकाळी दिवे लागल्यावर तासभर आजींपुढे चित्रण लावतात. त्या सांगतात, सूनबाई लिहितात. तक्त्यात ‘कोण’ ह्या रकान्याशेजारी ‘कुणी सांगितले व केव्हा’ असा एक रकाना मी सुचविला आहे, कारण दोन वृद्धांच्या आठवणी जुळत नाहीत तेव्हा दोन्ही लिहून ठेवणे बरे. कोणती खरी, हे ठरविण्याची घाई करण्याचे कारण नाही.

गुरू सिंह राशीस आला म्हणजे आपल्याकडे नाशिकला सिंहस्थ येतो. त्याच फेऱ्यात माघ महिन्यात कुंभकोणम्‌ला महामहम् येतो. पुढला २०२८ साली आहे. तलावाभोवतीच्या सोळा मंडपांतून त्या दिवशी किती मोबाइल उंचावले जातील ह्याची कल्पना करवत नाही, आणि ह्या एका कुटुंबाचेच दहा-पंधरा असतील. त्यांच्यासाठी नातीने आतापासून एक चिठ्ठी तयार केली आहे. चित्रण व्हॉट्सॲपवरून पाठवू नये, मूळ फाइल द्यावी. दर खेपेस आरंभी आपले नाव आणि स्थळ तोंडाने म्हणावे. ध्वनिमुद्रक वेगळा असेल तर कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी, म्हणजे चित्र आणि आवाज पुढे त्या टाळीवर जुळविता येतात. आणि आदल्या रात्री सर्वांनी आपापल्या कॅमेऱ्यांची घड्याळे एकमेकांशी मिळवून घ्यावीत. मोबाइलचे घड्याळ आपोआप लागते, पण कॅमेऱ्याचे हाताने लावावे लागते, आणि २०१६ साली ह्याच घरातील कॅमेऱ्याचे घड्याळ मोबाइलच्या तेरा मिनिटे मागे होते.